आधी पढंत, मग पाऊल

परिचयाच्या चार ओळींत माझं काम फार सुसूत्र दिसतं: कथक नृत्यांगना, नृत्यशिक्षिका, पटकथाकार, दिग्दर्शक. स्वल्पविरामांमुळे असं वाटतं की एक काम आटोपलं आणि मग दुसरं हाती घेतलं. तसं काही झालेलं नाही. पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण चालू होतं तेव्हाही मी सकाळचा वर्ग घेऊन सेटवर जायचे, आणि पटकथेचे सगळे ड्राफ्ट शिकवणीच्या फीवर लिहिले गेले. नृत्यामुळे मी सिनेमाकडे आले हे खरं आहे. लिहायला मात्र मला वर्गाने शिकवलं. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न पुन्हा नृत्याबद्दलच विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाचणाऱ्या माणसाने सिनेमाकडे वळणं ही नवलाई मुळीच नाही. गुरुदत्त अल्मोड्याला उदयशंकरांच्या केंद्रात नृत्य शिकले आणि तिथून प्रभातमध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे नृत्यदिग्दर्शनाचं काम होतं. खुद्द उदयशंकरांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ केला, दिग्दर्शकही तेच आणि मुख्य नर्तकही तेच. अमेरिकेत शर्ली क्लार्क आधुनिक नृत्यातून आल्या, १९५३ चा त्यांचा पहिला लघुपट नृत्यावरचाच होता, आणि सत्तरच्या दशकात त्या विद्यापीठात शिकवायलाही लागल्या. इव्हॉन रेनर, सॅली पॉटर, बॉब फॉसी... यादी लांबवता येईल. सुरुवातीला या नावांचा मला धीर वाटायचा, पण उपयोग काही होत नव्हता. प्रत्येकाने नृत्यातून वेगळीच गोष्ट उचललेली. फॉसींच्या सिनेमात टोपीची कड, मनगट, आत वळलेला गुडघा असे शरीराचे तुकडे नाचतात. रेनरबाई तर सिनेमात आल्या तेव्हा नाचातला दिमाख आधीच टाकून बसल्या होत्या. मी काय उचललंय हे मला बराच काळ सांगता येत नव्हतं.

माझी सुरुवात झाली ती एका रेकॉर्डिंगपासून. आमच्या एका कार्यक्रमाचं चित्रीकरण हातात आलं. सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर एकच कॅमेरा, सगळा रंगमंच दिसेल अशी फ्रेम. जे घडलं ते सगळं त्यात होतं आणि तरी ते बघवेना. आधी वाटलं, आपणच थकून नाचलो असू. मग लक्षात आलं की पाय पडतो आणि घुंगरांचा आवाज किंचित मागून येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात आवाज १४ मीटरच पुढे सरकतो. कॅमेरा तीसेक मीटर लांब असेल आणि आवाज त्याच्याच माइकने घेतला असेल, तर पाऊल आणि आवाज यांत दोन फ्रेमचं अंतर पडतं. त्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला ते जाणवत नाही, कारण आपण लांब बसलोय हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक असतं. पडद्यावर ते लांबपण राहत नाही, उशीर तेवढा राहतो. ज्यांचे कान वर्षानुवर्षं समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघण्यात गेलेत, त्यांना दोन फ्रेम खूप झाल्या.

त्या दिवसापासून मी तांत्रिक गोष्टींत नाक खुपसायला लागले. घुंगरांचा माइक जमिनीलगत कुठे ठेवायचा, आवाज फाटू नये म्हणून पातळी किती खाली घ्यायची, हे साउंडवाल्यांच्या मागे लागून शिकले. चक्करचा, म्हणजे गिरकीचा, प्रश्न जास्त चिवट होता. २४ फ्रेमना शटर १८० अंशांवर, म्हणजे अर्धा वेळ उघडं, ठेवलं की प्रत्येक फ्रेम सेकंदाचा ४८ वा भाग उघडी राहते. वेगात घेतलेल्या चक्करमध्ये तेवढ्या वेळात हात बराच फिरून जातो आणि पुसट दिसतो. शटरचा कोन कमी केला तर हात स्वच्छ येतो, पण चक्कर अडखळत, झटके देत फिरल्यासारखी दिसते. छायालेखकांना बहुधा स्वच्छ हात हवा असतो. मला पुसट हात आवडतो. कथकमध्ये प्रत्येक फेरीला नजर समोर परत येते, त्यामुळे पुसट चक्करमध्ये चेहरा एखाद-दोन फ्रेम ठळक होतो आणि पुन्हा विरतो. रंगमंचावरून हे कोणालाच दिसत नाही. ते कॅमेऱ्याचंच आहे, आणि कॅमेऱ्याकडून आपल्याला असं काही मिळतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पुढे एडिटवर जाऊन बसू लागले. संकलक फार सोशीक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं: संगीतात जिथे ठोका आहे तिथे कट. तीनतालाच्या सोळा मात्रांत सर्वांत मोठा ठोका समेचा, म्हणजे कट समेवर. माझं म्हणणं नेमकं उलटं. तिहाईत तोच बोलसमूह, म्हणजे ‘ता थेई तत’सारख्या अक्षरांचा गट, तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर पडतो. पहिल्या फेरीत प्रेक्षक ऐकतो, दुसरीत ओळखतो, तिसरीत वाट बघतो. नेमक्या त्या क्षणी शॉट बदलला तर डोळे नव्या फ्रेममध्ये आधी माणूस शोधतात, आणि तेवढ्यात सम होऊन गेलेली असते. कट करायचाच असेल तर तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी करा, आणि मग सम येईपर्यंत हात लावू नका. आम्ही दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी लावून बघितल्या. ते म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण माझं जास्त जोरकस दिसतं.” खरंच दिसत होतं. जाहिरातीला त्यांचा कट चालला असता. मी माझा ठेवला.

त्याच सुमारास अमेरिकन प्रयोगशील दिग्दर्शिका माया डेरेन यांचा १९४५ चा एक अगदी छोटा लघुपट पाहिला, जेमतेम अडीच-तीन मिनिटांचा. रानात नर्तक पाय उचलतो आणि तो पाय टेकतो खोलीत. शेवटी तो एक झेप घेतो. ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली आहे, आणि कुठलंही शरीर हवेत राहू शकेल त्याहून कितीतरी जास्त वेळ ती चालते. आमच्याकडे हे आधीपासून होतं, हा सूर मला एरवी आवडत नाही. पण गतभावात, म्हणजे कथकमध्ये अभिनयातून गोष्ट सांगतात त्या भागात, एकटी नर्तकी पलटा घेते आणि दुसरं पात्र होते, जागा बदलते, काळही बदलते, हे मी लहानपणापासून करत होते. त्याला कट म्हणायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, इतकंच. त्यानंतर मी कार्यक्रम टिपणं सोडलं आणि कॅमेऱ्यासाठीच बसवलेले छोटे लघुपट करायला लागले. त्यांतले एक-दोन बरे आहेत. बाकीच्यांत पायऱ्या आणि ओल्या केसांचे शॉट फार आहेत.

आता वर्गाकडे येते.

मी शिकवायला लागले ते पोटासाठी. नाचून पोट भरेल इतके कार्यक्रम मिळत नव्हते, लघुपटांना तर पैसे आपणच घालायचे असतात. वर्ग हा एकच व्यवहार असा होता की महिन्याच्या महिन्याला काही हाती येई. आमच्या ताईंची, म्हणजे माझ्या गुरूंची, शिस्त अशी होती की जे तोंडातून नीट येत नाही ते पायातून येणार नाही. त्यामुळे आधी पढंत: हाताने ताल धरायचा, बोल मोठ्याने म्हणायचे, सम आणि ‘खाली’ (टाळी न देता नुसता हात उलटा करतात ती मात्रा) दाखवायची, आणि मगच उभं राहायचं. शिकत होते तेव्हा मला याचा कंटाळा यायचा. शिकवायला लागल्यावर त्यातली चतुराई कळली. पढंत करताना मुलीची चूक कुठे आहे ते लगेच ऐकू येतं. पायात ती चूक पाच गोष्टींमागे लपते.

काही वर्षांनी एका अभिनय प्रशिक्षण संस्थेने मला हालचालींचा वर्ग घ्यायला बोलावलं. तिथल्या मुलांना नाचायचं नव्हतं. त्यांना चालायचं, बसायचं, दार उघडायचं, कोणाला तरी खोलीतून जाताना बघायचं होतं. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, “उदास बसा.” सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली. तीसेक जण, एकच उदासी. मग सांगितलं, “बसा, पण उठायचं आहे हे मनात धरून बसा.” एकाने पावलं मागे ओढून घेतली, एकीने पर्स मांडीवरून खाली ठेवलीच नाही, एक जण खुर्चीच्या कडेवर टेकला आणि दाराकडे मुद्दाम बघेना. भाव दिला की सगळे सारखे होतात आणि काम दिलं की प्रत्येक जण वेगळा होतो, हे नाटकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. मला ते तिथे, घाम पुसत, स्वतःच्या तोंडून निघालेल्या वाक्यांवरून कळलं.

मी एक वही घातली. कोणती सूचना चालली आणि कोणती पडली, याची. ‘रागाने बघ’ पडली. ‘तो बोलून होईपर्यंत पाणी ओतत राहा’ चालली. ‘तिच्याबद्दल तुला काय वाटतं ते दाखव’ साफ पडली. ‘तिच्या चपला बाजूला सरकव, पण तिला कळता कामा नये’ इतकी चालली की पुढे तो प्रकार मी तीन वेगवेगळ्या पटकथांत वापरला. त्या वहीत विशेषणं हळूहळू कमी होत गेली. मी ती ठरवून काढत नव्हते. वर्गात त्यांचा उपयोग होत नव्हता म्हणून ती गळत होती.

याच काळात हौसेने थोडं लाबान नोटेशन शिकले. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली हालचाली लिहिण्याची ही पद्धत खालून वर वाचायची असते. मधली उभी रेघ म्हणजे शरीराचा मध्य, डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते आणि चिन्ह जितकं लांब तितका वेळ ती हालचाल चालते. प्रत्यक्ष कामात मी ती कधी वापरली नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली: कागदावर वेळ दिसला पाहिजे. पटकथेत अशी चिन्हं नसतात, तिथे वेळ दाखवायला फक्त ओळी आणि त्यांच्यामधली मोकळी जागा असते. मी लिहायला लागले तेव्हापासून एक हालचाल, एक ओळ असं लिहिते. घाईचा प्रसंग असेल तर सलग परिच्छेद. दोनतीन निर्मात्यांनी पानं वाढतात अशी तक्रार केली आहे. वाढतात, पण वाचायला लागणारा वेळ आणि पडद्यावरचा वेळ जुळतात.

लेखनाचं पहिलं काम आलं ते एका ओळीमुळे. मला नृत्यदिग्दर्शनासाठी बोलावलं होतं. पटकथेत लिहिलं होतं: “ती नाचते.” बस. पुढे दुसरा प्रसंग. या धंद्यात ढोबळ हिशेब असा की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, आणि शेड्यूल करताना पानाचे आठ भाग पाडून मोजतात. त्या हिशेबात ‘ती नाचते’ म्हणजे एक अष्टमांश पान. ‘तो दार उघडतो’ हेही एक अष्टमांश. दार उघडायला पंधरा मिनिटं लागतात आणि नाच टिपायला अख्खा दिवस, कधी दोन. पण माझा आक्षेप वेळेबद्दल नव्हता. मी दिग्दर्शकांना विचारलं, नाच सुरू होताना खोलीत कोण आहे? कोण बघतंय, कोण बघायचं टाळतंय? नाच संपल्यावर असं काय झालेलं असेल जे आधी नव्हतं? ते म्हणाले, “बाई, तुम्हीच लिहून आणा.”

लिहून नेलं. दीड पान. त्यात एकाही तोड्याचं, तुकड्याचं (म्हणजे कथकच्या छोट्या बांधीव रचनेचं) नाव नव्हतं, एक बोलही नव्हता. ती कोणाकडे पाठ करते, कोण पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच उभा राहतो, लय वाढते तेव्हा म्हातारी गुडघ्यावर ठेवलेला हात का उचलते, एवढंच. तो प्रसंग तसाच चित्रित झाला. मग त्यांनीच दुसऱ्या एका पटकथेतले न बोलता घडणारे प्रसंग लिहायला दिले, मग कोणीतरी संवाद दुरुस्त करायला दिले, मग मालिकांचं काम आलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जागरणं झाली, हात बसला, वेळेवर काम देण्याची सवय लागली.

माझ्या स्वतःच्या सिनेमाचं बीज लेहऱ्यात होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कथक चालू असताना पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते. नर्तकी कुठेही जाऊ दे, तबलजी कुठेही जाऊ दे, परत यायची जागा लेहरा दाखवतो. वाजवणाऱ्याने त्यात स्वतःचं काही घालायचं नसतं. तासभर तेच. टाळ्या पडतात त्या दुसऱ्यांना. मी इतकी वर्षं अशा माणसांकडे तोंड करून नाचले, पाठ करून नाचले, पण त्यांच्या मनात त्या तासाभरात काय चालत असेल हे कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या ड्राफ्टवर सगळीकडून एकच शेरा आला: नायक काही करत नाही. एका कार्यशाळेत तर मला सरळ सांगण्यात आलं की पेटीवाला बाजूला ठेवा आणि नर्तकीला नायिका करा. दुसरी सूचना होती लेहऱ्याच्या अ‍ॅपची. हल्ली वर्गांतून मोबाइलवर लेहरा लावतात, मीही लावते. तेव्हा यंत्र आलं आणि माणसाचं काम गेलं अशी गोष्ट करा, असं म्हणणं होतं. ती गोष्ट कोणीही लिहिली असती आणि शेवट पहिल्या पानावर कळला असता. पण अ‍ॅपमुळे एक गोष्ट मात्र हाती लागली. अ‍ॅपवर तयारी केलेल्या मुली खऱ्या पेटीवाल्यासमोर उभ्या राहिल्या की सुरुवातीला डळमळतात. यंत्र कोणासाठीही थांबत नाही. माणूस, त्याच्याही नकळत, केसाएवढा थांबतो.

तिथून धागा मिळाला. हा पेटीवाला एका नर्तकीला ती लहान असल्यापासून साथ करतोय. तिचे गुडघे आता गेलेत. गेली काही वर्षं तो द्रुत लय थोडी थोडी खाली ठेवतोय आणि जुने तबलजी त्याला सामील आहेत. तिला वाटतं, आपण अजून त्याच लयीत नाचतोय. तबलजी निवृत्त होतात, जागी नवा मुलगा येतो, आणि तो लय जिथे असायला हवी तिथे नेऊन ठेवतो. आता माझा नायक सतत काहीतरी करत होता, फक्त ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

पण प्रेक्षकाला तरी दिसायला हवं ना. ज्याला तालाचा गंध नाही अशा माणसाला लयीतला किंचित फरक कसा कळणार? पहिल्या ड्राफ्टांमध्ये दोघेजण चहाच्या टपरीवर उभे राहून एकमेकांना लय समजावून सांगत होते. असे संवाद लिहिताना फार शहाणे वाटतात. मी ते मोठ्याने वाचले, अगदी पढंत करतात तसे, मांडीवर हात आपटत, आणि माझाच जीव कंटाळला. उत्तर शेवटी वर्गातून आलं. मुली तुकडा संपवून पुढचे बोल म्हणायला जातात तेव्हा कोणाला दम लागलाय ते पहिल्या अक्षरावर कळतं. तेच पटकथेत घातलं. सुरुवातीच्या प्रसंगात: तुकडा संपतो. ती लगेच पुढचे बोल म्हणते. नवा तबलजी आल्यावर: तुकडा संपतो. ती बोलत नाही. पेटी चालू राहते. ती बोलते. तालाबद्दलचं सगळं स्पष्टीकरण कापलं, टपरीही गेली. आता प्रेक्षक तिचा श्वास मोजू लागले, आणि त्यासाठी ताल कळावा लागत नाही.

तेव्हापासून माझा नियम झाला की प्रसंग लिहून झाला की तो म्हणून बघायचा. संवाद तर सगळेच वाचून बघतात. मी कृतीच्या ओळीही मोठ्याने म्हणते. जिथे जीभ अडते तिथे बहुधा एकाच ओळीत दोन हालचाली कोंबलेल्या असतात, किंवा एखादी भावना चोरपावलांनी शिरलेली असते. ‘त्याला आठवतं’ असं म्हणून बघा. नटाने नेमकं काय करायचं?

चित्रीकरणात खरा पेच होता तो आवाजाचा. नृत्य टिपायची रूढ रीत म्हणजे आधी गाणं ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर प्लेबॅक लावायचा आणि त्यावर नाचायचं. त्याचा फायदा उघड आहे: प्रत्येक टेकची लय तीच, त्यामुळे कुठलाही शॉट कुठल्याही शॉटला जोडता येतो. पण आमची गोष्टच लय हलण्याची. ठरलेल्या लयीत वाजणाऱ्या प्लेबॅकवर पेटीवाला कोणासाठी थांबणार? म्हणून महत्त्वाचे प्रसंग प्रत्यक्ष वाजवून, प्रत्यक्ष नाचून घ्यायचे ठरले. संकलक हादरले, आणि त्यांचं हादरणं रास्त होतं. प्रत्यक्ष वाजवलं की प्रत्येक टेकची लय निराळी येते. पहिल्या टेकमधला पाय आणि चौथ्या टेकमधला चेहरा जोडला की दोघांचा ताल फाटतो. यावर एकच तोड होती: एका टेकवर दोन कॅमेरे, टाइमकोड (फ्रेमगणिक वेळेची नोंद) जुळवलेला, आणि कापायचं ते त्याच टेकच्या आत. एक टेक निवडला की तोच शेवटपर्यंत निभवायचा. चांगला चेहरा आणि चांगला पाय वेगवेगळ्या टेकमध्ये असले तर एकावर पाणी सोडायचं. तसं ते सोडावं लागलंच, आणि त्यातला एक चेहरा मला अजून सलतो.

दोन कॅमेरे म्हणजे दोघांना एकमेकांच्या फ्रेममधून बाहेर राहावं लागतं, आणि प्रकाशयोजना दोन्ही बाजूंनी चालेल अशी, म्हणजे कोणत्याच बाजूने अगदी मनासारखी नाही. यावर छायालेखक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तोडगा म्हणून सगळ्या युनिटकडून पढंत करून घेतली. टेकच्या आधी गोल करून बसायचं, हातावर तीनताल, आणि सगळ्यांनी मिळून त्या प्रसंगातला तुकडा म्हणायचा. सुरुवातीला हशा पिकला. दोन-तीन दिवसांत फोकस पुलरला, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्याला, कळायला लागलं की नर्तकी पुढे कुठल्या मात्रेला येणार आहे, आणि मग तो पायाच्या मागे धावेना, आधीच तिथे पोचून राहायला लागला. युनिटमध्ये ‘खाली’ सर्वांत पक्की त्याचीच होती.

पेटीवाल्याची भूमिका करणारे नट रंगभूमीवरचे मुरलेले. त्यांना पेटी येत नव्हती. बोटं शिकायला त्यांनी काही महिने घेतले आणि लेहरा खरोखर वाजवला. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. ते म्हणत, “मी वाजवताना चेहऱ्यावर काय ठेवू?” मी वही काढली. त्यांना सांगितलं, तिच्या डाव्या पायाचं घुंगरू सैल आहे का ते बघत राहा. अख्ख्या मैफलीच्या प्रसंगात त्यांनी दुसरं काही केलं नाही. परीक्षणांतून त्यांच्या नजरेतल्या करुणेबद्दल बरंच लिहून आलं.

सिनेमा दाखवला तिथे तिथे एक तक्रार ठरलेली होती, की यात नाच फार कमी आहे. नृत्यवाले हे विशेष दुखावल्या सुरात म्हणतात. हॉलिवूडचे नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर पूर्ण शरीर दिसणाऱ्या, कमीत कमी कापलेल्या शॉटसाठी आग्रही असत, आणि त्यांच्यासारख्या नर्तकाच्या बाबतीत तो आग्रह अगदी योग्यच होता. आमच्या सिनेमात पूर्ण शरीराने, न कापता दिसणारा तुकडा एकच आहे, आणि तो ती एकटी असताना, लेहऱ्याशिवाय करते. बाकी वेळ कॅमेरा पेटीच्या बाजूने बघतो. तिथून नाच तसाच दिसतो: अर्धी पाठ, टाच, घाम, मधेच डोळा. रंगमंचाच्या त्या कोपऱ्यात बसलेल्याला जेवढा दिसतो तेवढा.

मी स्वतः आता मंचावर नाचत नाही. गुडघे पात्राला दिले म्हणायला बरं वाटतं, पण ते आधीच गेले होते. त्याचं दुःख जितकं होईल असं वाटलं होतं तितकं झालं नाही, बहुधा वर्गात रोज थोडं नाचायला मिळतं म्हणून. सिनेमानंतर मला पटकथा शिकवायचीही निमंत्रणं आली. एका ठिकाणी ती शिकवते. तिथे पहिले काही आठवडे मी कोणाला लॅपटॉप उघडू देत नाही. एकाने दुसऱ्याला तोंडी सूचना द्यायच्या, दुसऱ्याने त्या तंतोतंत पाळायच्या, आणि बघणाऱ्यांनी गोष्ट काय झाली ते सांगायचं. ज्यांना आपण लेखक आहोत हे आधीच ठाऊक असतं ते याला फार वैतागतात. एक मुलगा तर म्हणाला, “मॅडम, मी पटकथा शिकायला आलोय, कवायत करायला नाही.” तो पुढे टिकला, आणि त्याच्या पटकथेतली माणसं आता निदान खोलीत कुठे उभी आहेत हे कळतं.

सध्या एका न्यायालयातल्या लघुलेखिकेवर लिहितेय. दुसरा ड्राफ्ट चालू आहे. ती दिवसभर इतरांचं बोलणं उतरवते, स्वतः बोलत नाही, तेव्हा नायिका काही करत नाही हा शेरा पुन्हा आलाच आहे. या सिनेमात नाच अजिबात नसेल. तिच्या हातांची गती कितपत दाखवायची यावर संकलकांशी आत्ताच वाद सुरू झालाय, अजून एक फ्रेमही टिपलेली नसताना.